आखाजीच्या ताटात कच्चं काय वाढावं? (गेल्या वर्षी कोशिंबिरीची रशी झाली होती)

गिरणेची_लेक | ३ एप्रिल, रात्री १०.१५

मंडळी, आखाजी (आमची अक्षय्य तृतीया) पंधरा-सोळा दिवसांवर आली. आमच्याकडे अमळनेरला त्या दिवशी पंचवीस-सव्वीस पानं असतात. दोन नणंदा माहेरी येतात, त्यांची पोरं, दीर-जावा, चुलत सासरे. स्वयंपाक ठरलेला आहे आणि त्यात कोणी बोट घालायचं नाही: खापरावरचे मांडे, आमरस, रशी (पातळ तिखट आमटी), भात, भजी, कुरडया, पापड.

आता यात काय नाही ते बघा. जे आहे ते गोड आहे, नाहीतर तळलेलं आहे, नाहीतर रशीसारखं जहाल. बाहेर ४३ अंश. दुसऱ्या मांड्याला जीभ जड होते आणि माणूस पाण्याचा तांब्या शोधतो. मला ताटात काहीतरी कच्चं, कुरकुरीत, आंबटसर हवंय.

गेल्या वर्षी (३० एप्रिलला होती आखाजी) हौसेनं कोबीची कोशिंबीर केली. तीन गड्डे, गाजर, डाळिंबाचे दाणे, दही. सकाळी नऊला कालवून झाकून ठेवली. मग घागर भरणं, आगारी टाकणं (पितरांच्या नावानं विस्तवावर नैवेद्य), पाहुण्यांचं येणं. पानं वाढायला दीड वाजला. झाकण काढलं तर पातेल्यात कोबी पोहतोय. धाकटे दीर भर पंगतीत म्हणाले, "वहिनी, ही दुसरी रशी का?" आणि सासूबाईंनी शेवटचा खिळा ठोकला, "कच्चा पाला म्हशीला घालतात."

तर प्रश्न दोन. काय करू? आणि पाणी सुटू नये म्हणून काय करू?

---

भुसावळ_जंक्शन | ३ एप्रिल, रात्री १०.२२

रुमाल टाकून ठेवतो. "दुसरी रशी का?" हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

---

खापरावरचा_मांडा | ३ एप्रिल, रात्री १०.४०

ताई, राग मानू नका, पण प्रश्नच चुकीचा आहे. आखाजीच्या ताटात एकही जागा रिकामी नाही. आमरस आहे ना आंबट-गोड? कुरडई आहे ना कुरकुरीत? तुम्हाला जे हवंय ते सगळं ताटात आहेच. कोबी हा सणाचा जिन्नस नाही. आमच्या आजीनं सणाला कोबी शिजवलासुद्धा नाही, कच्चा तर लांबच.

---

सात_बारा | ४ एप्रिल, सकाळी ६.०५

मी शेतकरी माणूस, पाककृतीतलं फार कळत नाही, पण कोबीचं सांगतो. कोबी हे थंडीचं पीक. डिसेंबर-जानेवारीत गड्डा दगडासारखा भरतो, पानं गोड लागतात. एप्रिलमध्ये बाजारात जो येतो तो उन्हानं तापलेला असतो. कधी गड्डा पोकळ, कधी वास उग्र. कोबीत शंभरातले ९२ भाग पाणीच असतं, त्यामुळे तो पाणी सोडणारच. त्याचा दोष नाही.

घ्यायचाच असेल तर दिसायला लहान पण हाताला जड लागणारा गड्डा घ्या. दाबून बघा, बोट आत जायला नको. देठाचा काप पांढरा असावा, काळपट नको. आणि सकाळी सातच्या आत घ्या, दहा वाजेपर्यंत हातगाडीवर त्याचं चिंध्यांचं गाठोडं होतं.

---

मीठ_मोजून | ४ एप्रिल, दुपारी १२.३०

@गिरणेची_लेक, तुमची चूक कोबी घेण्यात नाही, वेळेत आहे. मी शाळेत गृहशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त आहे. बत्तीस वर्षं पोरींना हेच सांगितलं, तुम्हालाही सांगते.

कापलेल्या भाजीवर मीठ पडलं की मीठ पेशींतलं पाणी बाहेर ओढतं. साखरही ओढते. तुम्ही नऊला मीठ घातलं आणि दीडला वाढलं. साडेचार तास! शिवाय दह्याचं स्वतःचं पाणी वेगळं. कोबी पोहणार नाहीतर काय करणार?

पाणी सुटणं थांबवता येत नाही. मग ते आपल्या सोयीनं, वाढायच्या आधीच सोडवून घ्यायचं. कोबी विळीवर बारीक चिरा. किसू नका, किसणीवर पेशी चिरडतात आणि लगदा होतो. मधला जाड दांडा काढून टाका. एक किलो चिरलेल्या कोबीला दोन सपाट चहाचे चमचे मीठ चोळा, रोळीत घालून अर्धा तास ठेवा, खाली पातेलं. मग एकदा पाण्यातून काढा, नाहीतर खारट ढाण लागेल. स्वच्छ पंच्यात बांधून घट्ट पिळा. खालच्या पातेल्यात किती पाणी जमलं ते दिरांना दाखवा, म्हणावं ही घ्या तुमची रशी.

हा पिळलेला कोबी झाकून फ्रिजमध्ये ठेवला तर दुपारपर्यंत तसाच राहतो. लिंबू, कूट, कोथिंबीर, जे काय घालायचं ते पानं मांडल्यावर. चव बघितल्याशिवाय पुन्हा मीठ घालायचं नाही.

---

बर्फाचा_गोळा | ४ एप्रिल, दुपारी १.१०

असहमत. मीठ लावून पिळलेला कोबी म्हणजे ओलं सुतळीचं बंडल. कुरकुरीत हवाय ना? मग चिरलेला कोबी बर्फाच्या पाण्यात वीस मिनिटं बुडवा, निथळून कोरड्या फडक्यावर पसरा. कसा ताठ होतो बघा. हॉटेलात असंच करतात, मी जळगावला चार वर्षं हॉटेलच्या भटारखान्यात होतो.

---

मीठ_मोजून | ४ एप्रिल, दुपारी १.४५

@बर्फाचा_गोळा, दादा, तुमचंही खरं आहे, पण ते लगेच खायचं असेल तर. साध्या थंड पाण्यात भाजी पाणी आत घेते म्हणून ताठ होते. त्याच ताठ कोबीला नंतर मीठ लावलं की ते सगळं पाणी, वर आणखी थोडं, परत बाहेर. हॉटेलात प्लेट दोन मिनिटांत टेबलावर जाते. ताईंकडे आगारी आहे, घागर आहे, आणि कोणत्या तरी नणंदेची गाडी पारोळ्याला अडकलेली असणार आहे.

---

बर्फाचा_गोळा | ४ एप्रिल, दुपारी १.५२

पारोळ्याला गाडी अडकते हे मान्य. बाकी मी विचार करतो.

---

पुणे३० | ४ एप्रिल, दुपारी ३.००

मला गंमत वाटते की हा प्रश्न पडतो. आमच्याकडे ताटाची डावी बाजू असते: मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. सणाला कोशिंबीर नाही असं पानच नसतं. शिवाय चैत्रगौरीचं हळदीकुंकू अक्षय्य तृतीयेपर्यंत चालतं, त्यामुळे आंबेडाळ त्या दिवसांत घरात असतेच. हरभराडाळ चार तास भिजवून भरड वाटायची, किसलेली कैरी, मीठ, साखर, वरून हिंग-मोहरीची फोडणी. कच्ची, आंबट, पाणी सुटायचा प्रश्न नाही. झालं की काम.

---

खापरावरचा_मांडा | ४ एप्रिल, दुपारी ३.२०

आली डावी बाजू. आमच्या ताटाला डावी बाजू आहे, तिथं कांदा आणि लिंबू असतं. बास. कोशिंबीर घालून ताट शाकाहारी सर्कस करायचं नाही.

---

भुसावळ_जंक्शन | ४ एप्रिल, दुपारी ३.२६

ताट आधीपासूनच शाकाहारी आहे भाऊ, आखाजी आहे. कर शेजारच्या दिवशी असते.

---

पांझरेची_पोर | ४ एप्रिल, संध्याकाळी ६.१०

आंबेडाळ छानच, पण मांड्यात हरभराडाळीचं पुरण, भज्यांत बेसन, रशी पुरणाच्या कटाची. त्यात आणखी हरभराडाळ? संध्याकाळी घरातल्या माणसांनी गौराईच्या झोक्यावर बसायचं की पोट धरून बसायचं?

आमच्याकडे धुळ्याला आई काकडी-डांगर करायची. काकडीच्या बिया काढून फोडी, कच्चट डांगराच्या फोडी, लिंबू, जिरं, लाल तिखट. घागरीवर ठेवायला डांगर आणतातच, एक जास्तीचं आणायचं.

---

पुणे३० | ४ एप्रिल, संध्याकाळी ६.३०

थांबा. घागरीवर डांगर? लाल भोपळा घागरीवर ठेवता? आणि तो कच्चा खाता??

---

पांझरेची_पोर | ४ एप्रिल, संध्याकाळी ६.३४

हाहाहा. डांगर म्हणजे खरबूज हो. लाल भोपळ्याला आमच्याकडे गंगाफळ म्हणतात. मातीच्या घागरीवर डांगर, आंबे आणि सांजोरी ठेवून पितरांची पूजा होते.

---

पुणे३० | ४ एप्रिल, संध्याकाळी ६.४१

मी गेल्या वर्षी एका जळगावच्या मैत्रिणीनं "उद्या डांगर घेऊन ये" म्हटल्यावर दोन किलोचा भोपळा घेऊन गेले होते. ती काहीच बोलली नाही. आज कळलं का.

---

सात_बारा | ४ एप्रिल, रात्री ८.१५

डांगराचा विषय निघाला म्हणून अवांतर. पूर्वी गिरणा, तापी, पांझरा, सगळ्या नद्यांच्या पात्रात उन्हाळ्यात वाळूत खड्डे करून, शेणखत टाकून डांगर-टरबुजाच्या वाड्या लावत. नदी आटली की पीक सुरू. रात्री राखणीला आम्ही पोरं जायचो आणि सकाळी मालकाला एक डांगर कमी मिळायचं. आता वाळूच नाही राहिली तर वाडी कुठून. मल्चिंगवरचं (प्लास्टिक अंथरून पिकवलेलं) खरबूज गोड असतं, नाही म्हणत नाही. पण वाळूतल्या डांगराला जो वास होता तो अख्ख्या गल्लीला कळायचा.

---

रावेर_ते_रॉटरडॅम | ४ एप्रिल, रात्री ११.५०

कच्च्या कोबीवरून वाद चाललाय आणि मी बसलोय त्या देशात जिथून हे नाव जगभर गेलं. इंग्रजीतला 'कोलस्लॉ' मूळ डच 'कोलस्ला'. 'कोल' म्हणजे कोबी, 'स्ला' म्हणजे सॅलडचं आखूड रूप. डच लोकांनी तो अमेरिकेत नेला, तिथे ४ जुलैच्या सुट्टीत भाजलेल्या मांसाबरोबर तो असतोच. आणि मराठीतला 'कोबी' पोर्तुगीज 'कोव्ह'वरून आला. म्हणजे आजीनं सणाला कोबी शिजवला नाही यात नवल नाही, पाहुणा आहे तो.

इथे मी थंडीत भरीत पार्टी करतो. आपली हिरवी भरताची वांगी मिळत नाहीत, जांभळ्यावर भागवावं लागतं (जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकन बॅगेत घालून आणता येत नाही). भरताबरोबर कांद्याची पात नसली की कोबी-गाजर उभं चिरून व्हिनेगर, चिमूटभर साखर, मीठ, आणि आपलं शेंगदाण्याचं तेल. मेयोनीज नाही. मेयोनीजवाला प्रकार ४३ अंशांत करायचा विचारसुद्धा करू नका.

---

साधा_ताप | ५ एप्रिल, सकाळी ७.४०

डॉक्टर या नात्यानं वरच्या शेवटच्या वाक्याला +१. अमेरिकेच्या शेती खात्याचा नियम असा आहे की असे नाशवंत पदार्थ फ्रिजबाहेर २ तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर १ तास. आपल्याकडे एप्रिलमध्ये ३२ अंश सकाळी नाश्त्यालाच होतात. नऊ ते दीड बाहेर राहिलेली दह्याची कोशिंबीर कोणी खाल्ली नाही हे तुमच्या दिरांचं नशीब समजा.

---

केळीचं_पान | ५ एप्रिल, सकाळी ८.००

डॉक्टर, कच्च्या कोबीतला किडा डोक्यात जातो म्हणतात ते खरं का? आमच्या घरी त्या भीतीनं कोबी प्रेशर कुकरमध्ये चार शिट्ट्या देऊन करतात.

---

साधा_ताप | ५ एप्रिल, सकाळी ८.२५

चार शिट्ट्या! त्या कोबीच्या आत्म्याला शांती.

कोबीवर जी हिरवी अळी दिसते ती डोक्यात-बिक्यात जात नाही, खाल्ली गेली तर पचते. डोक्यात जाणारा आजार आहे, पण तो डुकरातल्या फीतकृमीच्या अंड्यांमुळे होतो. ती अंडी माणसाच्या विष्ठेतून येतात. घाण पाण्यावर वाढलेल्या किंवा नीट न धुतलेल्या कुठल्याही भाजीवर असू शकतात, मग कोबी असो, कोथिंबीर असो वा मुळा. ती डोळ्यांना दिसत नाहीत आणि मिठाच्या पाण्यात बुडवून मरतीलच असं नाही. मिठाच्या पाण्यानं अळ्या बाहेर येतात, त्यासाठी ते ठीक. बाकी बाहेरची तीन-चार पानं फेका, आतली पानं सुटी करून वाहत्या पाण्याखाली एकेक चोळून धुवा. अख्खा गड्डा नळाखाली फिरवणं म्हणजे धुणं नव्हे.

---

केळीचं_पान | ५ एप्रिल, सकाळी ८.३१

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "डॉक्टरले सांग, आमी तरी शिट्ट्या देसूत."

---

दादरची_भाकर | ५ एप्रिल, सकाळी १०.२०

सगळे कोबी, काकडी, डच, पोर्तुगीज करत बसलेत आणि आपल्या घरातली गोष्ट कोणाला आठवत नाही. घोळाणा! हिवाळ्यात शेतात काय खायचो आपण? कोवळी मेथी, हरभऱ्याचा शेंडा, कांद्याची पात, मुळ्याचा कोवळा पाला, हातानं तोडून किंवा चिरून एका परातीत. वर कच्चं शेंगदाण्याचं तेल, तिखट, मीठ, शेंगदाण्याचा जाडसर कूट. हातानं घोळायचं आणि दादरच्या (आपल्याकडच्या ज्वारीच्या) भाकरीवर घेऊन बांधावर बसून खायचं. कच्च्या भाजीचा हा आपला पदार्थ. त्याला डावी बाजू लागत नाही.

खापरावरच्या मांड्या, तुझ्या आजीनं घोळाणा केला नाही असं म्हणून दाखव.

---

खापरावरचा_मांडा | ५ एप्रिल, सकाळी १०.४५

केला. रोज केला. पण तो रोजचा, सणाचा नाही.

(आणि तो भाकरीबरोबर. मांड्याबरोबर घोळाणा म्हणजे लग्नात गमबूट.)

---

तापीकाठचे_आप्पा | ५ एप्रिल, दुपारी १२.००

दादरची_भाकर म्हणते ते मला पटलं, आणि त्यात एक युक्ती दडलेली आहे ती कोणाच्या ध्यानात आली नाही. घोळाण्यात आधी तेल पडतं, मीठ सगळ्यात शेवटी. पानाला तेलाचा हात लागला की मीठ लगेच भिडत नाही, पाला पटकन माना टाकत नाही. कूट उरलेलं पाणी पिऊन घेतो. आमच्या आईला हे कोणी शिकवलं नव्हतं, पण तिचा घोळाणा शेतात डब्यात न्यायचो तरी दुपारी कोरडा असायचा. मीठ ती वेगळ्या पुडीत द्यायची.

आता एप्रिलमध्ये मेथी महाग, आणि उन्हानं कडू. हरभरा तर केव्हाच निघून गेला. मग कोबीचाच घोळाणा का करू नये? मीठ_मोजून ताईंच्या रीतीनं पाणी काढायचं, आणि घोळाण्याच्या रीतीनं कालवायचा. आंबटाला लिंबाऐवजी कैरी. झाडाला लागलेलीच आहे.

---

मीठ_मोजून | ५ एप्रिल, दुपारी १२.४०

आप्पा, बत्तीस वर्षांत हे तेल-आधीचं माझ्या डोक्यात आलं नाही. नमस्कार घ्या.

कैरी मात्र किसायची नाही, काडेपेटीच्या काडीसारखी बारीक चिरायची. किसली की तिचंही पाणी सुटतं आणि सगळं आंबट होतं. कैरी कोबीबरोबर पिळू नका, आंबटपणा पंच्यात जाईल.

---

नंदुरबारी_मिरची | ५ एप्रिल, दुपारी १.१५

तिखट कुठलं घालणार ते कोणी बोललंच नाही. पूड नको, पूड ओल्याला लागली की लाल चिखल होतो. सुक्या लाल मिरच्या तेलात जराशा परतून हातानं चुरडायच्या. बिया थोड्या झटकून, पोरांची पानं आहेत.

---

माहेरवाशीण_चोपडा | ५ एप्रिल, दुपारी २.३०

कांद्याचं काय? घोळाण्याला कांदा हवाच. पण आमच्याकडे पितरांच्या नैवेद्याला कांदा-लसूण चालत नाही. सासरी चालतो म्हणे. दरवर्षी यावरून एक फेरी होते.

---

तापीकाठचे_आप्पा | ५ एप्रिल, दुपारी ३.०५

घराघराची रीत आहे, त्यात धाग्यानं पडू नये. बिनकांद्याचा करायचा, आगारीपुरता काढून घ्यायचा. कांदा उभा चिरून वेगळ्या वाटीत ठेवायचा, ज्याला हवा तो घेईल. पितरांनी आपल्या वाटीत डोकावून बघितलं तर बघू दे.

---

जिभाऊ_साक्रीवाला | ५ एप्रिल, दुपारी ४.००

बहीन, मी धागा वाचना, आते मना डोकाम्हा कोबी फिरी ऱ्हायना. आखाजीले मन्हं काम एकच शे, जेवानं. जे वाढशात ते खासूत. पन दोन मांडा जास्तीना ठेवा.

---

संपादक | ५ एप्रिल, संध्याकाळी ५.३०

धागा 'गप्पा' विभागातून 'पाककृती आणि आहार' विभागात हलवला आहे. डांगर विरुद्ध गंगाफळ यावर स्वतंत्र धागा काढावा.

---

गिरणेची_लेक | १२ एप्रिल, रात्री ९.५०

सगळ्यांची आभारी. आज रविवार, सहा माणसांवर रंगीत तालीम केली. खरं खरं सांगते.

पहिली चूक: मीठ चोळलेला कोबी पाण्यातून काढायला विसरले. सरळ पिळला आणि वर सवयीनं पुन्हा मीठ घातलं. समुद्र. नवऱ्यानं एक घास खाल्ला आणि म्हणाला, "लोणच्याच्या बरणीत घालू का?" ते ताट गेलं.

दुसरा घाणा बरा झाला. अर्धा किलो कोबी, एक चमचा मीठ, अर्धा तास. अर्ध्या वाटीहून जास्त पाणी निघालं! मग पाण्यातून काढून पिळला, तेल, कैरीच्या काड्या, कोथिंबीर, चुरडलेली मिरची, चवीपुरता गूळ, कूट. मीठ चवीला बघितलं तर लागलंच नाही. तीन तास फ्रिजमध्ये ठेवून मुद्दाम उशिरा काढला. तळाला चमचाभर पाणी असेल नसेल. कूट मात्र आधी घातल्यामुळे मऊ पडला होता, आखाजीला तो शेवटी घालीन.

बर्फाचा_गोळा दादा, तुमची रीतही करून बघितली, थोडा कोबी बाजूला काढून. पहिली पाच मिनिटं तुमचा जास्त छान लागला. विसाव्या मिनिटाला नाही.

पंचवीस जणांना किती करू?

---

मीठ_मोजून | १२ एप्रिल, रात्री १०.१०

मांड्याच्या जेवणात कच्चं कोणी वाटीभर खात नाही. माणशी साठ-सत्तर ग्रॅम धरा. न चिरलेला दोन किलो कोबी आणा, पानं-दांडा काढून आणि पाणी निघून दीड किलोच्या आत येईल. कैऱ्या मध्यम चार. कूट दोन-अडीच वाट्या. गाजर घालू नका, एप्रिलचं गाजर लाकूड असतं.

---

खापरावरचा_मांडा | १२ एप्रिल, रात्री १०.३०

मी अजून विरोधातच आहे, नोंद असावी. पण कैरीच्या काड्या हा भाग वाचून तोंडाला पाणी सुटलं. कोबीला सुटलं ते वेगळं.

---

गिरणेची_लेक | २१ एप्रिल, दुपारी ४.२०

आखाजी पार पडली. उशीर झाला, पण घरात अजून पाहुणे आहेत.

कोबी आदल्या संध्याकाळी पाच वाजताच आणला. सकाळी सातला बाजारात जायला मला वेळ नव्हता, सात_बारा दादांनी माफ करावं. रात्री पानं धुवून फडक्यावर सुकवली. सकाळी साडेअकराला चिरून मीठ, बाराला धुवून पिळला, फ्रिजमध्ये. पानं मांडली पावणेदोनला (मीठ_मोजून ताई, गाडी पारोळ्याला नाही, एरंडोलला अडकली). मोठ्या जाऊबाईंनी तेल घातलं, मी कैरी, नणंदेनं कूट. परातीत घोळला आणि लगेच वाढला.

पाणी नाही. एक थेंब नाही.

धाकटे दीर शोधत होते, काहीतरी बोलायला मिळावं म्हणून. काही मिळालं नाही तेव्हा म्हणाले, "वहिनी, यंदा रशी कमी पडली का?" पोरांनी कैरी तेवढी वेचून खाल्ली आणि कोबी ताटात ठेवला, हे पण सांगायला हवं. चुलत सासऱ्यांना दात नाहीत, त्यांच्यासाठी कोणी विचारच केला नव्हता. ते म्हणाले, मला नुसता त्यातला कूट आणि गूळ दे.

आणि सासूबाई. त्यांनी ताटात घेतला नाही. नंतर आम्ही बायका जेवायला बसलो तेव्हा त्यांनी परात जवळ ओढली, मांडा बाजूला ठेवला, स्वयंपाकघरातून कालची दादरची शिळी भाकर मागवली आणि त्यावर घेऊन खाल्ला. म्हणाल्या, "मेथीचा पाहिजे होता."

---

दादरची_भाकर | २१ एप्रिल, दुपारी ४.४१

सणाच्या दिवशी शिळी भाकर! तुमच्या सासूबाईंना माझा दंडवत सांगा.

---

खापरावरचा_मांडा | २१ एप्रिल, दुपारी ४.५५

मी म्हटलं होतं, भाकरीबरोबर.

---

रावेर_ते_रॉटरडॅम | २१ एप्रिल, संध्याकाळी ६.०२

वाखुसा (वाचनखूण साठवली). इथे कैरी मिळत नाही, हिरवं आंबट सफरचंद घालून बघतो.

---

गिरणेची_लेक | २१ एप्रिल, संध्याकाळी ६.३०

एक शेवटचं. पुरणार नाही या भीतीनं नवऱ्यानं मला न विचारता आणखी दोन गड्डे आणले होते. फ्रिजमध्ये बसलेत. काय करू?

---

केळीचं_पान | २१ एप्रिल, संध्याकाळी ६.३३

आई म्हणते, चार शिट्ट्या.